तरंगतं घर विकणे आहे

हॅनोव्हर, ४ मे २०२५

शुभदा,

घर विकायला काढलंय. देवश्रीकडून तुला कळलं असेलच, आपल्या मुलीच्या पोटात काही राहत नाही. तरी रीतसर कळवतोय, कारण घर दोघांच्या नावावर आहे आणि तू माझा फोन उचलत नाहीस. 'फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, जे काय सांगायचं ते लिहून पाठवा,' असा तुझा निरोप तिनं दिला. ठीक आहे. लग्नाआधी तुला एक पत्र लिहिलं नव्हतं, बासष्टाव्या वर्षी ती हौस भागवून घेतो.

काल अन्वीला फोनवर विचारलं, आजी काय करतेय? तर आपली नात म्हणाली, 'झी श्लेफ्ट.' झोपलीय म्हणे! दुपारी साडेचारला तू उभ्या आयुष्यात कधी झोपली नाहीस. पोरीला खोटं बोलायला लावू नकोस, निदान पटेल असं तरी शिकव.

तर, जाहिरात. माक्लर, म्हणजे इथला घरांचा दलाल, कोस्टर नावाचा सद्गृहस्थ आहे. त्यानं दोन दिवस फोटो काढले. 'शहराच्या मध्यावर, थेट तळ्यावर, ऐटदार तरंगतं घर.' काँक्रीटच्या तराफ्यावर दोन मजले, तळ्याकडची अख्खी भिंत काचेची, गच्ची, साउना, तळ्याच्या पाण्यातली ऊब ओढून जमीन गरम ठेवणारा पंप. शिवाय 'सकाळी राजहंस डेकवर येतात' असंही त्यानं लिहिलंय. येऊन काय करून जातात ते लिहिलेलं नाही. ते धुवायला तू होतीस, आता मी आहे.

चार वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा सगळे हसले होते. पुण्याचा माणूस, पोहता येत नाही, आणि पाण्यावर राहायला निघाला. आज अख्ख्या तळ्यावर असं घर दुसरं नाही. कोस्टर म्हणतो, उन्हाळा संपायच्या आत विकलं जाईल. मी म्हणतो, जुलै संपायच्या आत.

का विकतोय विचारशील. एकट्याला मोठं पडतं. ही तक्रार नव्हे, नुसती चौरस मीटरची गोष्ट आहे. गेल्या गणपतीत आपल्याकडे जे झालं त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते लोक विसरलेसुद्धा. फुटलेली काच बदलली, लाकडी जमीन नवी घातली, पाणी शिरल्याची खूण शोधून सापडणार नाही.

सोबत फोलमाख्ट पाठवतोय. तुझ्या वतीनं मी विकू शकतो असं मुखत्यारपत्र आहे, एवढंच. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारलीय. 

इथे सगळं उत्तम. जेवणखाण व्यवस्थित.

शिरीष

&nbsp;

हॅनोव्हर, २५ मे

शुभदा,

फोलमाख्ट परत मिळालं. सही नाही. मागच्या कोऱ्या बाजूला तुझ्या गोल अक्षरात दोन वाक्यं: 'गेल्या गणपतीत काय झालं आणि का झालं ते लिहा. मग सही करीन.'

तू तिथेच होतीस की गं! मी तुलाच काय सांगणार? पण तुझा हट्ट मला नवा नाही. आधी चांगल्या बातम्या देतो, मग लिहितो.

आतापर्यंत सात जण घर पाहून गेले. एका जोडप्याला बोट लागते तसं घर लागलं आणि ती दोघं कॉफी न पिताच उतरली. एकानं इंटरनेटचा वेग विचारला आणि पाण्याकडे पाहिलंही नाही. पण एक बाई आल्या होत्या, फ्राउ पीटर्सन. दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. न सांगता दारात बूट काढले, आत येऊन सरळ जमिनीवर आडव्या झाल्या आणि लाकडाला कान लावला. मी म्हटलं, काय करताय? तर म्हणाल्या, 'खालचं पाणी ऐकू येतं का बघतेय.' ऐकू येतं. मीही पहिल्या दिवशी हेच केलं होतं, तू हसली होतीस. घर यांनाच द्यायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. कोस्टरला अजून सांगितलेलं नाही, त्याला जरा पळू दे.

आता तुझा निबंध.

शनिवार, ७ सप्टेंबर २०२४. मराठी मंडळाच्या हॉलचं ऐनवेळी फिसकटलं, म्हणून मंडळाचा गणपती मी आपल्या घरी बसवला. त्रेचाळीस माणसं आली. मखर तळ्याकडच्या काचेसमोर होतं, मागे पाणी, पुढे मूर्ती. फोटो काय सुंदर आले होते, ते कुणीच नाकारत नाही. बारा वाजता आरती सुरू झाली. तिसऱ्या आरतीला घर तळ्याकडे कललं. डेकची कड पाण्याखाली गेली आणि उघड्या सरकत्या दारातून पाणी आत आलं. समई पडली. कुणीतरी किंचाळलं, तशी सगळी माणसं उलट बाजूला धावली आणि घर तिकडे झुकलं. भांड्यांचं काचेचं कपाट आलं खाली. मंडळाचा सेक्रेटरी कपिल, त्याची आई नाशिकहून आली होती. त्या ऊर्मिलाकाकू घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. फायरब्रिगेड आली. बाकी कुणाला काही झालं नाही.

कारण: एका बाजूला वजन जास्त झालं. तू स्वयंपाकघरातलं सामान सकाळी तळ्याच्या बाजूला हलवलं होतंस, हेही एक कारण. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर हेच बोललो. जरा चढ्या आवाजात बोललो असेन. पण खोटं काय बोललो ते सांग.

लिहिलं. आता सही कर. नवं फोलमाख्ट सोबत आहे.

शिरीष

&nbsp;

हॅनोव्हर, १५ जून

शुभदा,

माझंच पत्र मला परत! आणि त्यावर लाल शाई! 'हेही एक कारण' या तीन शब्दांखाली रेघ आणि समासात दोनच शब्द, 'किती किलो?' पुण्यात शाळेत गणित शिकवायचीस त्याला तेहेतीस वर्षं झाली, पण हात अजून तसाच चालतो. देवश्रीला फोन करून मी तक्रार केली. ती म्हणाली, 'बाबा, गेनाऊ, तेच तर विचारतेय आई. किती किलो?' म्हणजे दोघी मिळून.

किलोचं पुढे बघू. आधी इथे काय झालं ते ऐक, कारण हे तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

फ्राउ पीटर्सननी घर घ्यायचं नक्की केलं. मी म्हटलं होतं ना? पण घेण्याआधी त्यांनी तपासणीला एक तज्ज्ञ बाई पाठवली. तिशीची, किरकोळ अंगाची, हातात टॉर्च. तराफा, पंप, गटाराची नळी, सगळं पाहिलं आणि सगळ्याला पूर्ण मार्क दिले. मी मागे मागे चालत होतो आणि माझी छाती फुगत होती. मग ती पुढच्या दारापाशी थांबली. तिथे भिंतीवर मी खणाचं तोरण टांगलंय ना, ते तिनं दोन बोटांनी बाजूला केलं. मागे स्क्रूची चार भोकं.

'इथे काय होतं?'

'थर्मामीटर,' मी म्हटलं.

'थर्मामीटरला चार स्क्रू?'

शुभदा, एकतीस वर्षं मी ब्रेकच्या परीक्षणात लोकांना असे प्रश्न विचारले. समोरच्याची जी अवस्था व्हायची ती माझी झाली. तिच्याकडे घर बांधणाऱ्या कंपनीचे मूळ फोटो होते. तिनं टॅबवर दाखवला. दाराशेजारी स्टीलची पाटी, चार स्क्रूंनी बसवलेली. 'एका वेळी जास्तीत जास्त २४ व्यक्ती. एका बाजूला १० पेक्षा जास्त नाही.'

तुला ही पाटी आठवत नसेल, तू ती कधी वाचायला गेली नाहीस. तुझ्या दृष्टीनं ती कंपनीची नावाची पाटी होती, कारण मी तुला तसंच सांगितलं होतं. गणपतीच्या आधी गुरुवारी, तू बाजारात गेलीस तेव्हा मी ती काढली. आता माझ्या मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

का काढली, तेही सांगतो. दारातून येणारा प्रत्येक पाहुणा ती वाचणार, मग मान वळवून माणसं मोजणार. आपल्याकडे गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्याला कुणी मोजतं का? दारात उभं राहून 'थांबा, चोवीस झाले' असं म्हणणार होतो का मी? आणि दुसरं, आकडा मला खरा वाटत नव्हता. जिथे चोवीस लिहितात तिथे बांधणाऱ्यानं पन्नासाची तयारी ठेवलेली असते. मी आयुष्यभर आकडे असेच लिहिले. ब्रेक मोडतो त्याच्या कितीतरी अलीकडे आम्ही लाल रेघ ओढायचो. म्हणून मला वाटलं, रेघ आहे म्हणजे पलीकडे अजून खूप जागा आहे. काठीनं नाव चालवणाऱ्या एखाद्या नावाड्यानं ही चूक केली नसती. ती करायला इंजिनियरच लागतो.

फ्राउ पीटर्सन रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, घर मला हवंच आहे, पण हे सगळं करारात लिहून हवं. काय झालं, का झालं, कुणामुळे झालं. म्हणजे तुझाच प्रश्न, जर्मनमध्ये.

किलो पुढच्या पत्रात. मला वजनकाटा आणावा लागेल.

शिरीष

&nbsp;

हॅनोव्हर, २९ जून

शुभदा,

चौसष्ट.

तांदळाची दोन पोती, चाळीस. समया आणि घंगाळ धरून पितळेचं सामान, नऊ. मोदकपात्रं, सहा. बारा नारळांचं खोकं, नऊ. सगळं वजनकाट्यावर ठेवून मोजलं. नारळ घरात नव्हते, बारा नारळ हॅनोव्हरभर फिरून गोळा केले. आठवडाभर तिन्ही त्रिकाळ चटणी खातोय.

आता माणसं. मुलंबाळं धरून सरासरी साठ किलो धरली तरी त्रेचाळीस माणसांचे दोन हजार पाचशे ऐंशी. तू हलवलेलं सामान त्याच्या चाळिसाव्या भागाएवढं. ते तिथे नसतं तरी घर तेवढंच कललं असतं. पाव अंशाचा फरक पडला नसता. हे कळायला मला वजनकाटा लागला नाही, शुभदा. त्या दिवशी घोट्याएवढ्या पाण्यात उभा होतो तेव्हाही हे मला येत होतं. ज्या क्षणी मी तुझं नाव घेतलं त्या क्षणीसुद्धा येत होतं.

आता बाकीचंही लिहून टाकतो, पुन्हा लाल शाई नको.

शुक्रवारी संध्याकाळी मी मखर लावत होतो तेव्हा तू म्हणालीस, 'अहो, गणपती मधे ठेवा, जिन्यापाशी. आरतीला माणसं बसून राहत नाहीत, पुढे सरकतात.' मी माणसं खोलीभर सारखी पसरलेली धरली होती, कागदावर छान गोल काढून. जन्मात मी अशी आरती पाहिलेली नाही. ज्याच्या हातात टाळ तो पुढे, ज्याला तबकाला हात लावायचा तो पुढे, मुलं सगळ्यांच्या पुढे. शेवटाला सगळे एका जागी स्वतःभोवती फिरतात तेव्हा तर तिथे मुंगीला वाट नसते. हे पाच वर्षांच्या पोराला माहीत असतं. तुला माहीत होतं, तू सांगितलंस. आणि मी म्हणालो, 'तू मोदकांचं बघ.'

शनिवारी सकाळी तू विचारलंस, 'बायकांना मोदक वळायला जागा करते, सामान त्या बाजूला ठेवू का?' मी शिडीवर होतो, तोंडात टाचण्या होत्या. मान हलवली. म्हणजे तू न विचारता सामान हलवलंस, हेही मी खोटं बोललो.

फायरब्रिगेडच्या साहेबानं विचारलं, 'इथे जबाबदार कोण?' सगळं मंडळ माझ्याकडे पाहायला लागलं. आरतीच्या आधीच मी याच लोकांना तराफा किती भार पेलतो यावर भाषण दिलं होतं. तू गुडघ्यांवर बसून जमीन पुसत होतीस. मी म्हणालो, 'हिनं मला न विचारता सगळं सामान त्या बाजूला नेलं.' जर्मनमध्ये साहेबाला आणि लगेच मराठीत सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी ग्रुपवरही तेच लिहिलं, खाली नमस्काराचे हात टाकून.

ऊर्मिलाकाकू हात धरून कण्हत होत्या, त्यातही म्हणाल्या, 'आधी नवऱ्याला विचारायचं ना गं.' तू जमीन पुसतच राहिलीस. मला वाटलं, तुला विशेष काही वाटलेलं नाही. मला हे सोयीचं होतं.

एकोणीस वर्षं मंडळाच्या गणपतीचे मोदक तू करतेस. पहिल्या वर्षी एकवीस, शेवटी अडीचशे. दिवाळीच्या जेवणाची यादी निघाली तेव्हा कपिलचा तुला मेसेज आला, 'काकू, यंदा तुम्ही आराम करा.' तू तो मला दाखवलास. मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणालो, 'बरं झालं, दगदग वाचली.' त्यानंतर तिसऱ्या दिवशी तू पंधरा दिवसांसाठी म्हणून देवश्रीकडे फ्रँकफर्टला गेलीस.

आज हे सगळं एका दमात लिहिताना मला तुझी माफी मागावीशी वाटते. मागतो. हा शब्द मी पूर्वी वापरलाय तो ट्रॅममध्ये कुणाच्या पायावर पाय पडल्यावर. हा तसा नाही.

फोलमाख्ट पाठवत नाही. कराराला २२ जुलैची वेळ मिळालीय, सकाळी अकरा. तू स्वतः ये. सही करायची की नाही ते तू तिथे ठरव. या वेळी पेन्सिलीची फुली नाही.

शिरीष

&nbsp;

हॅनोव्हर, २४ जुलै

शुभदा,

तू आलीस, सही केलीस, आणि ट्रॅमच्या थांब्यावर चार वाक्यांत मला उभा चिरून निघून गेलीस. दोन दिवस मी रागात होतो. आता नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या बाजूनं तो दिवस कसा होता ते ऐक. कायद्याच्या दृष्टीनं आपलं घर हे घर नव्हेच, जंगम वस्तू आहे, त्यामुळे नोटारची सक्ती नव्हती. पण फ्राउ पीटर्सनना सगळं पक्कं हवं होतं, आणि मलाही. तू पाहिलंस, त्या नोटारबाई अख्खा करार मोठ्यांदा वाचून दाखवतात, एक शब्द गाळत नाहीत. भटजी पोथी वाचतात त्या वेगानं. सातव्या कलमाला मात्र त्यांचा वेग कमी झाला. 'सहमालक श्रीमती शुभदा यांनी आदल्या दिवशी विक्रेत्याला धोक्याची स्पष्ट कल्पना दिली होती. विक्रेत्यानं ती मानली नाही. घटनेची जबाबदारी सर्वस्वी विक्रेत्याची आहे.'

ही वाक्यं मी घालायला लावली. आठवड्यापूर्वी नोटारबाई मला म्हणाल्या होत्या, 'पाटी काढली आणि माणसं जास्त झाली, एवढं पुरे. तुमच्या पत्नीनं काय सांगितलं त्यानं व्यवहारात काहीच फरक पडत नाही.' मी म्हटलं, 'मला पडतो.' त्यांनी खांदे उडवले आणि लिहिलं. कुणाला पटवून देण्यात माझा हातखंडा आहे हे तुला माहीत आहे. तो पहिल्यांदा चांगल्या कामाला लागला असं मला वाटलं. तू टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होतीस. माझं लक्ष सगळा वेळ तुझ्याकडे होतं. तुझ्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण सही करताना तू तुझं पूर्ण नाव लिहिलंस, नेहमीची अर्धी वेटोळी नाही.

खोटं कशाला बोलू, मला शाबासकी हवी होती. तुझ्या आवडीच्या त्या इटालियन ठिकाणी दोघांसाठी टेबल ठेवलं होतं. एक वाजता.

आणि थांब्यावर तू म्हणालीस, 'चांगलं लिहिलंत. पण ऐकलं कुणी? त्या दोन बायकांनी, ज्यांना माझं नावसुद्धा धड म्हणता येत नव्हतं. त्या दिवशी मराठीत बोलला होतात, आपल्या माणसांत.' मी काही म्हणणार तेवढ्यात ट्रॅम आली. तू चढलीस आणि दार लागलं.

मी तळ्यापर्यंत पायी गेलो आणि वाटेत तुला मनसोक्त शिव्या दिल्या. म्हटलं, हिला पुरतच नाही. सरकारी कागदावर लिहिलं, मोठ्यांदा वाचवलं, आता काय ढोल बडवू? दुसऱ्या दिवशीही हेच चाललं होतं. आज सकाळी दाढी करताना मनाशी विचारलं, कपिलसमोर हे बोलशील का? आणि हातातला वस्तरा गालावरच थांबला. नोटारकडे मी कुठेच थांबलो नव्हतो. तेव्हा कळलं की नोटारकडे मी जे केलं ते अवघड नव्हतंच, नुसतं महागाचं होतं.

तर तुझं बरोबर आहे. हे कळायला दोन दिवस लागले. मागच्या वेळी दहा महिने लागले होते, म्हणजे प्रगती आहे.

मंडळाचा गणपती यंदा ३० ऑगस्टला, शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये आहे. कपिलला फोन केला, आरतीआधी दोन मिनिटं मागितली. तो म्हणाला, 'काका, घर विकल्याची पार्टी जाहीर करताय काय?' मी म्हटलं, आल्झो, म्हणजे, तसंच काहीतरी.

तू येशील का?

शिरीष

ता. क. घराचा ताबा १५ सप्टेंबरला द्यायचाय. मी दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खिडकीतून सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान दिसतं. मला आवडली. तुझ्या मापानं घेतलेली नाही, तू ये असं गृहीत धरलेलं नाही. ये म्हणणं वेगळं, आणि ते मी वेळ आली की विचारीन.

&nbsp;

हॅनोव्हर, ३१ ऑगस्ट

शुभदा,

तुझं कार्ड मिळालं होतं. 'मी येणार नाही. मी समोर असले की तुम्ही माझ्याकडे बघून बोलाल. त्यांच्याकडे बघून बोला.' वाचून आधी वाईट वाटलं. काल हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हा कळलं की तू मला किती ओळखतेस. माझी नजर पहिल्या मिनिटभर कुणीतरी आपलं माणूस शोधत होती. कुणी नव्हतं. देवश्रीला मीच येऊ नको म्हटलं होतं.

शंभरावर माणसं होती. त्यातली गेल्या वर्षी आपल्याकडे होती ती तिसेक तरी असतील. ऊर्मिलाकाकू यंदाही नाशिकहून आल्यात, पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या. हात बरा आहे, मूठ मात्र पुरती वळत नाही. कपिलनं माइक दिला आणि म्हणाला, 'शिरीषकाका एक गोड बातमी देणार आहेत.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या खिशात कागद होता, तो काढला नाही. कागद हातात असला की मी सादरीकरण करायला लागतो.

मी बोललो ते असं, जसंच्या तसं लिहितो:

'गेल्या वर्षी माझ्या घरात तुम्हा सगळ्यांचे जीव धोक्यात आले ते माझ्यामुळे. चोवीस माणसांच्या घरात मी त्रेचाळीस बोलावली आणि तसं लिहिलेली पाटी काढून लपवून ठेवली. शुभदानं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, गणपती मधे ठेवा, आरतीला माणसं पुढे सरकतात. मी ऐकलं नाही. सामान तिनं मला विचारून हलवलं होतं, आणि त्यानं काहीही झालं नव्हतं. मी घाबरलो आणि तुमच्यासमोर तिचं नाव घेतलं. ते खोटं होतं. काकू, तुमचा हात माझ्यामुळे मोडला, तिच्यामुळे नाही.'

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. मागे कुणाचं तरी मूल रडत होतं. कपिल जमिनीकडे बघत होता. त्याला तो मेसेज आठवला असणार. मी माइक परत द्यायला वळलो. माझ्या लेखी काम झालं होतं.

तेवढ्यात ऊर्मिलाकाकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, 'मग वर्षभर काय करत होतात?'

माइकची गरज नव्हती, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मला कायम उत्तर सुचतं, तू नेहमी म्हणतेस. घर विकत होतो, हे सुचलं. तब्येत, हेही सुचलं. मग मी त्यांना जे खरं होतं ते सांगितलं. ते तुला मी कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही, कारण मलाच ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मी म्हणालो, 'ती परत येईल याची वाट बघत होतो, काकू. ती आपणहून आली असती, तर मला हे कधीच सांगावं लागलं नसतं.'

शिरीष